दुरून डोंगर किती साजरे?

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. अंतरावरून खाचखळगे व काटेकुटे दिसत नाहीत, म्हणून डोंगर सुंदर वाटतो, असा तिचा आशय. परंतु अलीकडे वरच्या वर्गांतील काही विद्यार्थ्यांचा आग्रह नेमका याच्या उलट असल्याचे आम्ही पाहतो. संगणकावर विमान चालविण्याचा सराव ज्यात करता येतो, त्या फ्लाइट सिम्युलेटरात वीस कोसांवरचा डोंगरही झाडाझुडपांसकट स्वच्छ दिसला पाहिजे, असे त्यांना वाटते. आणि तसा तो दिसत नाही म्हणून नवे, महागडे ग्राफिक्स कार्ड आणावे, असा हट्ट ते वडिलांपाशी धरतात. ज्या घराचे सारे वर्ष संत्र्याच्या बहरावर अवलंबून असते, त्या घरात ही रक्कम लहान नव्हे. म्हणून या प्रश्नासंबंधी आमचे मत स्पष्टपणे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. ते मत असे की, दूरच्या दृश्याचा तपशील किती ठेवावा हे यंत्राच्या किमतीवर नव्हे, तर पाहणाऱ्याच्या विवेकावर ठरावे. आणि हा विवेक शिकणे हाच या छंदाचा खरा लाभ आहे.

प्रथम, यंत्र हे चित्र कसे काढते ते पाहू. पडद्यावरील डोंगर, घर, झाड हे सर्व लहान लहान त्रिकोणांचे बनलेले असते. जवळच्या वस्तूस पुष्कळ त्रिकोण द्यावेत आणि ती दूर जाईल तसतसे ते कमी करावेत, ही कल्पना जेम्स क्लार्क या संशोधकाने १९७६ साली एका निबंधात पद्धतशीरपणे मांडली. चित्रकार पूर्वीपासून हेच करीत आले आहेत. समोरच्या वडाची पाने ते निरनिराळी काढतात आणि क्षितिजावरच्या राईसाठी हिरव्या रंगाचा एक फटकारा त्यांस पुरतो. सिम्युलेटरातील तपशिलाची पट्टी सरकविणे म्हणजे हा फटकारा कोठून सुरू व्हावा ते यंत्रास सांगणे होय.

आता थोडे गणित करू. तपशिलाचे वर्तुळ आपल्या विमानाभोवती दहा किलोमीटरांचे होते, ते वीस किलोमीटरांचे केले, तर अंतर दुप्पट झाले. परंतु नववीचा कोणताही विद्यार्थी सांगेल की क्षेत्रफळ चौपट झाले. म्हणजे यंत्रावरचा भार दुपटीने नव्हे, तर जवळजवळ चौपटीने वाढू पाहतो. आणि एवढे करून पदरात काय पडते? दहा मीटर उंचीचे झाड दहा किलोमीटरांवर उभे आहे असे समजा. ज्या पडद्याच्या रुंदीत १९२० ठिपके आहेत आणि जो साठ अंशांचे दृश्य दाखवितो, त्याच्यावर हे झाड जेमतेम दोन ठिपक्यांएवढे उमटते. वीस किलोमीटरांवर ते एका ठिपक्यातच सामावते. एका ठिपक्यात आंबा कोणता आणि बाभूळ कोणती हे कोण ओळखणार? जे डोळ्यास दिसतच नाही, त्यासाठी यंत्रास राबवावयाचे, हा व्यवहार आम्हांस शहाणपणाचा वाटत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. दूरच्या भूपृष्ठाची व वस्तूंची जुळवाजुळव करण्याचे काम बहुतांशी संगणकाच्या मुख्य प्रोसेसरावर व स्मृतीवर पडते. ढग, छाया आणि चित्राचा रेखीवपणा यांचा भार ग्राफिक्स कार्डावर येतो. मायक्रोसॉफ्टच्या २०२० सालच्या सिम्युलेटरात चित्र अडते ते ‘मेनथ्रेड’मुळे की ‘जीपीयू’मुळे, हे पडद्याच्या कोपऱ्यात दाखविण्याची सोयही आहे. तेथे पहिले नाव दिसत असेल, तर नवे कार्ड आणून अडचण सुटणार नाही. दूरच्या तपशिलाची पट्टी थोडी मागे घ्यावी, म्हणजे चित्र पुन्हा सुरळीत चालू लागते, आणि तेही एक पैसा खर्च न करता! रोग पोटाचा आणि औषध डोळ्याचे असे होऊ नये म्हणून विद्यार्थ्यांनी आधी निदान करावे, मग मागणी करावी.

यावर कोणी म्हणेल, “मग दूरचे सारे पुसूनच टाकावे काय?” मुळीच नाही. येथे आकार आणि तपशील यांत भेद करावयास हवा. आमची मातृभाषा कोंकणी. तीत दूरला ‘पयस’ आणि जवळला ‘लागीं’ म्हणतात. आमच्याकडचे दर्यावर्दी पयस समुद्रातून परतताना किनाऱ्यावरच्या डोंगराची रूपरेषा पाहून आपले बंदर ओळखतात. त्या डोंगरावर माड किती हे ते मोजीत नाहीत. वैमानिकाचेही तसेच आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरांवर, तर छिंदवाडा सुमारे ६७५ मीटरांवर आहे. नागपुराहून उत्तरेस निघालेल्याने सौसर मागे टाकले की सिल्लेवानी घाटाची चढण पुढे येते. ही सातपुड्याची भिंत त्यास आधीच आणि खरी दिसली पाहिजे, नाहीतर तो तिच्यावर आदळेल. म्हणून डोंगरांची उंची-खोली दूरवर राखावी, आणि झाडे व घरे मात्र जवळच्या वर्तुळात ठेवावीत. फ्लाइटगिअर नावाचा सिम्युलेटर कोणासही विनामूल्य मिळतो. त्यात निरनिराळ्या तपशिलाच्या वस्तूंसाठी अंतराच्या निरनिराळ्या मर्यादा स्वतः ठरविता येतात. ज्याचा संगणक जुना आहे, त्या विद्यार्थ्याने तेथूनच आरंभ करावा.

शिवाय ही पट्टी एकदा लावली आणि विसरली, असे करून चालत नाही. तीन हजार मीटर उंचीवरून निरभ्र दिवशी क्षितिज सुमारे १९५ किलोमीटरांवर असते. तीनशे मीटरांवरून ते बासष्ट किलोमीटरांच्या आतच येते. उंचावर असताना पट्टी पुढे न्यावी, तेथे घाई नसते. विमान उतरविताना ती मागे घ्यावी. कारण त्या वेळी चित्र दर सेकंदास तीस वेळा तरी न अडखळता बदलणे, हे क्षितिजावरच्या झाडांपेक्षा कितीतरी मोलाचे असते. हवेचाही विचार हवा. दहा हजार फुटांखाली नजरेने विमान चालविणाऱ्यास सर्वसाधारणपणे पाच किलोमीटर दृश्यमानता पुरेशी मानतात. पौषातल्या धुक्यात किंवा वैशाखातल्या धुळीत आपल्या गच्चीवरून सातपुडा कितीसा दिसतो? सिम्युलेटरातही तशी धूसर हवा ठेविली, तर दृश्य अधिक खरे होते आणि यंत्रासही विसावा मिळतो.

पालकांपैकी काहींस हा सगळाच पोरखेळ वाटतो, हे आम्ही जाणतो. त्यांस एवढेच सांगावयाचे की एडविन लिंक यांनी १९२९ साली बनविलेल्या सराव-यंत्रात डोंगर तर नव्हतेच, बाहेरचे दृश्यही नव्हते; तरी दुसऱ्या महायुद्धात त्या जातीच्या यंत्रांवर लक्षावधी वैमानिक तयार झाले. मायक्रोसॉफ्टने १९८२ साली आपला पहिला सिम्युलेटर आणला, तेव्हा त्यातील भूप्रदेश चार रेघांत आटोपत असे. त्यावरही लोक दिशा, वेग आणि उंची यांचे गणित शिकले. अर्थात् यावरून पालकांनी हा छंद तुच्छ लेखू नये, आणि विद्यार्थ्यांनीही साधनांच्या उणिवेची सबब पुढे करू नये. मुलगा पट्टी सरकवीत बसला आहे म्हणून रागे भरण्यापूर्वी, “ही पट्टी का सरकविलीस?” असे त्यास विचारावे. उत्तर देता आले, तर तो भूमिती आणि भूगोल शिकतो आहे. न आले, तर संगणक बंद करून त्यास पुस्तकाकडे वळविण्यास आमची हरकत नाही.

आणखी एक विचार आम्हांस विद्यार्थ्यांपुढे ठेवावासा वाटतो. फ्लाइटगिअरमध्ये सातपुडा उंचसखल दिसतो, कारण फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांच्या फेरीत रडारने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. त्याच्या कितीतरी आधी विल्यम लॅम्बटन यांनी दक्षिणेकडून त्रिकोण जोडीत जोडीत भारताची मोजणी आरंभिली. ते काम करीत असताच १८२३ साली वर्धेजवळच्या हिंगणघाट येथे त्यांचा अंत झाला. दूरचे डोंगर अशा रीतीने दुसऱ्यांनी आपल्यासाठी मोजून ठेविले आहेत. पण जवळचे काय? जाम नदीच्या एका काठी पांढुर्णा, दुसऱ्या काठी सावरगाव. कोणती वाट बागेकडे जाते, कोणता पूल पावसाळ्यात बुडतो, शाळा कोठे, विहीर कोठे, हे आकाशातल्या रडारास कळत नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला नकाशा कोणीही भरू शकतो, आणि काही सिम्युलेटर रस्ते व घरे तेथूनच घेतात. पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके मिळून २०२३ साली नवा जिल्हा झाला. त्याचा नकाशा बारकाईने भरण्यास येथील विद्यार्थ्यांहून अधिक लायक कोण आहे?

सारांश, नवे कार्ड मागण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी कराव्यात. यंत्र कोठे अडते ते पाहावे. डोंगरांचा आकार राखून दूरची झाडे-घरे कमी करावीत. आणि उंची व हवा यांप्रमाणे पट्टी बदलत राहावे. एवढे करूनही गरज उरली, तर वडिलांपाशी कागदावर हिशेब मांडून बोलावे. तशा मागणीस कोणीही हट्ट म्हणणार नाही. आणि सुट्टीच्या एखाद्या सकाळी पायी फिरून आपल्या वस्तीचा निदान एक रस्ता तरी नकाशावर नोंदवावा. डोंगर दुरून साजरे दिसोत, त्यांत वावगे काही नाही. आपले गाव मात्र जवळून नीट पाहिलेले असावे, इतकेच आमचे सांगणे आहे.