यंत्राची परीक्षा आणि मालकाची नीती

रुग्णाशी बोलून त्याला सल्ला देणाऱ्या ‘चॅटबॉट’ नामक संगणकीय यंत्रणेचे गुणगान सध्या चोहीकडे चालू आहे. अशा वेळी अमेरिकेतील २०२३ सालच्या एका प्रकरणाचे स्मरण उपयुक्त ठरेल. आहारविकारांच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या ‘नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन’ची दूरध्वनी-मदतसेवा वीस वर्षांहून अधिक काळ चालू होती. पुरेशी माणसे व प्रशिक्षण मिळावे म्हणून तेथील कर्मचाऱ्यांनी युनियन स्थापन केली. मार्चमध्ये युनियनच्या बाजूने कौल लागला आणि पाठोपाठ सेवा बंद होत असल्याचे त्यांना कळविण्यात आले! फोनची वाढती संख्या आणि कायदेशीर जोखीम ही कारणे संस्थेने पुढे केली व युनियनशी संबंध नाकारला. रुग्णांच्या वाट्याला मात्र ‘टेसा’ हा चॅटबॉट आला.

मेअखेरीस उघडकीस आले की, हा टेसा रोज ५०० ते १००० कॅलरी कमी घेऊन वजन घटविण्याचा सल्ला देत होता. उपाशी राहणे हाच ज्यांचा आजार, त्यांना हा उपदेश! संस्थेला टेसा मागे घ्यावा लागला.

टेसाची चाचणी झालीच नव्हती असे नाही. संशोधकांनी तपासला तो आधी लिहून ठेवलेली उत्तरे देणारा टेसा. पुढे पुरवठादार कंपनीने त्यात स्वतः उत्तरे रचणारी यंत्रणा घातली. म्हणजे तपासले एक आणि रुग्णापुढे ठेवले दुसरेच. म्हणूनच प्रत्येक बदलानंतर फेरतपासणी हवी आणि ती विकणाऱ्याने नव्हे, तर स्वतंत्र यंत्रणेने केली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२४ मधील मार्गदर्शनात अशा त्रयस्थ तपासणीचा आग्रह धरला आहे.

यंत्राला आमचा विरोध नाही. परंतु किती लोकांनी वापरले आणि किती पगार वाचले, ही गुणवत्तेची मोजमापे नव्हेत. धोका ओळखून यंत्र थांबते काय? थांबल्यावर रुग्णाचा हात धरायला माणूस शिल्लक आहे काय? रुग्णाने विश्वासाने सांगितलेली माहिती कोणाच्या हाती जाते? आणि चुकीच्या सल्ल्याची जबाबदारी कोणावर? आपल्या गावच्या आरोग्यकेंद्रात असे यंत्र येईल तेव्हा कार्यकर्त्यांनी हे चार प्रश्न जाहीरपणे विचारले पाहिजेत. उत्तरे मिळेपर्यंत एकाही आरोग्यसेविकेची जागा कमी होऊ देता कामा नये.