मॉस्को टिकले असते, पण बर्लिन?

अमेरिकेच्या मदतीवाचून सोव्हिएत संघाने हिटलरला एकट्याने हरवले असते का, हा प्रश्न निघाला की मॉस्कोचा दाखला हमखास पुढे येतो. तो खराच आहे. डिसेंबर १९४१ मध्ये जर्मन फौजा मॉस्कोच्या वेशीवरून मागे रेटल्या गेल्या, तेव्हा 'लेंड-लीज' या अमेरिकी मदत योजनेचा माल जेमतेम पोचू लागला होता. स्टालिनग्राडची लढाईही मुख्यतः सोव्हिएत शस्त्रांनी आणि सोव्हिएत रक्ताने जिंकली. पण तग धरणे वेगळे आणि शत्रूला त्याच्या राजधानीपर्यंत रेटत नेणे वेगळे. १९४४ च्या उन्हाळ्यात बेलारूसमध्ये लाल सेनेने काही आठवड्यांत शेकडो किलोमीटरची मजल मारली, त्यात अमेरिकी स्टुडबेकर ट्रकांचा वाटा फार मोठा होता. कात्युशा अग्निबाणांचे सांगाडेसुद्धा याच ट्रकांवर चढवलेले असत. सुमारे ४ लाख ट्रक-जीपगाड्या आणि जवळपास २,००० रेल्वे इंजिने बाहेरून आली. हे सारे सोव्हिएत कारखान्यांनीही बनवले असते, असा आक्षेप घेतला जातो. बनवले असतेही, मग तेवढे रणगाडे कोणी बनवले असते? माझ्या मते विजय कदाचित मिळाला असता, पण बराच उशिरा, आणि तसाही अडीच कोटींहून अधिक माणसे गमावलेल्या देशाला त्या प्रत्येक जादा महिन्याची किंमत पुन्हा माणसांतच मोजावी लागली असती.