मिस्र की इजिप्त?

तुमच्या उर्दू पुस्तकात पिरॅमिड मिस्रमध्ये आहेत. मराठीच्या पुस्तकात तेच पिरॅमिड इजिप्तमध्ये आहेत. देश एकच, मग त्याचे खरे नाव कोणते?

तेथील लोक अरबी बोलतात आणि आपल्या देशाला मिस्रच म्हणतात. रोजच्या बोलण्यात त्याचे 'मस्र' होते. 'इजिप्त' हे नाव ग्रीकांकडून युरोपात गेले आणि इंग्रजीतून मराठीत आले. म्हणजे उर्दू बरोबर, असे म्हणून तुम्ही खूश व्हाल! पण थांबा. ग्रीसला उर्दूत यूनान म्हणतात. तेथील लोक मात्र आपल्या देशाला 'एलाडा' म्हणतात. ग्रीक लोक जेथे राहत, त्या आयोनिया नावाच्या किनाऱ्यावरून यूनान हे नाव पडले. आपला जुना 'यवन' शब्दही त्यावरूनच आला.

सगळी रुळलेली नावे बदलावीत, असे मला वाटत नाही. जर्मन लोक आपल्या देशाला 'डॉइचलांट' म्हणतात; म्हणून आपण जर्मनी म्हणणे सोडायला नको. पण एखादा देश स्वतः सांगत असेल, तर त्याचे ऐकले पाहिजे. २०२२ मध्ये तुर्कस्तानने संयुक्त राष्ट्रांना कळवले, की आम्हाला 'तुर्किये' म्हणा. इंग्रजीत 'टर्की' हे एका पक्ष्याचेही नाव आहे! संयुक्त राष्ट्रांनी ते मान्य केले. मराठीत मात्र अजूनही पुष्कळदा तुर्कस्तानच छापले जाते.

आणि इजिप्तचे काय? मराठी पुस्तकात इजिप्त खुशाल छापावे, पण शेजारी कंसात 'मिस्र' लिहावे. म्हणजे तुम्हाला तो देश लगेच ओळखता येईल.