स्वप्नाचा फोटो छापता, मग २४ डिसेंबरचा हिशोबही छापा

डिसेंबर संपत आला की आपल्या तालुक्यात दोन गोष्टी हमखास छापल्या जातात. एक कॅलेंडर, दुसरा कार्यअहवाल. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर हात जोडलेले साहेब, आत मंजूर झालेल्या निधीचे आकडे. मंजूर झालेल्या, हं. खर्च किती झाला ते शोधायला भिंग लागतं. नळाला पाणी कितव्या दिवशी येतं ते तर भिंगानेही सापडत नाही.

यंदा असाच एक अहवाल हातात आला. मागच्या पानावर चक्क मार्टिन ल्यूथर किंग. खाली त्यांच्या स्वप्नाची ती प्रसिद्ध ओळ आणि तिच्याखाली साहेबांच्या 'व्हिजन'चे पाच मुद्दे. छापणाऱ्याने फोटो कुठून तरी उचलला असणार, साहेबांनी बघितलाही नसेल. पण गंमत अशी, की ज्या माणसाचा फोटो लावलाय त्यानेही एकदा वर्षअखेरीला जाहीर हिशोब मांडला होता. त्यातली एक ओळसुद्धा या अहवालात बसली नसती.

किंग यांना आपण 'नेते' म्हणून ओळखतो. पेशाने ते बॅप्टिस्ट पाळक होते. अटलांटातल्या एबनेझर बॅप्टिस्ट चर्चमध्ये वडील पाळक, आणि १९६० पासून हेही त्यांच्या जोडीला. बॅप्टिस्टांमध्ये वरून बिशप पाठवायची पद्धत नाही. स्थानिक मंडळीच पाळक निवडते, नको झाला तर तीच काढते. म्हणजे रविवारी समोर बाकांवर बसलेले लोक नुसते श्रोते नसतात, ते मालकही असतात. २४ डिसेंबर १९६७, रविवार, उद्यावर नाताळ. त्या दिवशी या मालकांसमोर उभं राहून ३८ वर्षांचा हा पाळक बोलला. कॅनडाच्या सरकारी रेडिओने ते प्रवचन प्रसारित केलं.

नाताळचं प्रवचन म्हटल्यावर काय अपेक्षा असते? शांती, आनंद, ताऱ्याची गोष्ट. किंग शांतीवरच बोलले. पण शेवटाकडे येताना त्यांनी सांगून टाकलं, की १९६३ मध्ये वॉशिंग्टनला जे स्वप्न मी सांगितलं, ते थोड्याच दिवसांत दुःस्वप्न होताना मी पाहिलं. आणि नुसतं म्हणून थांबले नाहीत, यादी दिली. भाषणानंतर तीन आठवडे व्हायच्या आत बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटला आणि चार मुली गेल्या. शहरांतल्या काळ्या वस्त्यांमधलं दारिद्र्य तसंच राहिलं. त्याच वस्त्यांमधली माणसं रागाने पेटून उठली आणि दंगली झाल्या. आणि व्हिएतनामचं युद्ध वाढतच गेलं. आपल्या सर्वात गाजलेल्या भाषणाचा हा असा हिशोब, तोही स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या माणसांपुढे.

ते वर्ष कसं गेलं होतं ते बघा म्हणजे या बोलण्याचं वजन कळेल. आदल्या वर्षी, १९६६ च्या जानेवारीत, ते शिकागोच्या गरीब काळ्या वस्तीत भाड्याच्या घरात राहायला गेले होते. घरांच्या प्रश्नावर मोर्चे काढले आणि ऑगस्टमध्ये गोऱ्या जमावाने त्यांना दगड मारला. त्याच महिन्यातली गॅलपची पाहणी आहे : ६३ टक्के अमेरिकनांचं किंग यांच्याबद्दल मत वाईट. हे आकडे मोटिव्हेशनल रील बनवणाऱ्यांना कुणीतरी पाठवा. ज्याला आज सगळी दुनिया हार घालते, तो जिवंत असताना दहातल्या सहा जणांना नको होता.

मग आला १९६७ चा ४ एप्रिल. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये किंग यांनी व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध केला. त्यांचं म्हणणं कुठल्याही शेतकऱ्याला कळेल इतकं सोपं होतं. गरिबांसाठी जो पैसा आणि जी माणसं लागणार होती, ती युद्ध ओढून नेतंय. ज्या काळ्या पोराला आपल्या गावात गोऱ्या पोराशेजारी शाळेत बसता येत नाही, त्याला त्याच गोऱ्या पोराशेजारी मरायला हजारो मैल लांब पाठवलं जातंय. आणि वस्तीतल्या पोरांना मी हिंसा करू नका म्हणून सांगायचं, मग माझं सरकार करतंय त्या हिंसेवर गप्प कसं बसायचं?

आता आमच्या धंद्याविषयी. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अग्रलेख लिहिला, की दोन वेगळे प्रश्न एकत्र करून किंग चूक करतायत. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने लिहिलं, की त्यांनी आपली उपयुक्तता कमी करून घेतली. उपयुक्तता! कुणाच्या उपयोगाची, हे मात्र बघायला हवं. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी जुनी मोठी संघटना एनएएसीपी, तिच्या संचालक मंडळानेही ठराव करून दोन चळवळी एकत्र करायला विरोध केला. जॉन्सन सरकार नाराज, एफबीआयचे कान तर आधीपासून त्यांच्या फोनला लागलेले.

सगळ्यांचा सूर एकच होता, आणि तो आपल्याही ओळखीचा आहे. तुमचं काम बघा. पाळक आहात, प्रार्थना घ्या. काळ्यांचे नेते आहात, काळ्यांपुरतं बोला. परराष्ट्र धोरण तुमचा प्रांत नाही. आपल्याकडे शिक्षकाने शाळेच्या गळक्या छपराचा फोटो टाकला की हेच ऐकू येतं. आशाताईंनी मानधन विचारलं की हेच. कीर्तनकाराने दारूबंदीवरून पुढे जाऊन दारूच्या परवान्याचं नाव काढलं की हेच, अगदी हेच. जो तो आपापल्या खणात राहिला की कुणालाच पूर्ण हिशोब लागत नाही. छपराचे पैसे कुठे गेले आणि कमानीला कुठून आले, हे दोन प्रश्न एका वाक्यात विचारणारा माणस नकोसा होतो. किंग नकोसे झाले ते एका वाक्यात दोन खाती जोडल्यामुळे.

त्या उन्हाळ्यात नेवार्कमध्ये २६ आणि डेट्रॉइटमध्ये ४३ माणसं दंगलीत मेली. ऑक्टोबरअखेर स्वतः किंग पुन्हा बर्मिंगहॅमच्या तुरुंगात जाऊन आले, १९६३ च्या मोर्चाच्या जुन्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी हरल्यावर. वर्षात चांगलं काही घडलंच नाही असं नाही. क्लीव्हलँडला कार्ल स्टोक्स हा काळा माणूस महापौर झाला, त्या निवडणुकीत किंग यांच्या लोकांनी मतदार नोंदणीसाठी घाम गाळला होता. एखाद्याने नाताळच्या दिवशी तेवढंच सांगितलं असतं आणि टाळ्या घेतल्या असत्या.

"अमेरिकेचं आपल्याला काय?" असं विचारणारे दोन-चार जण येतीलच, म्हणून आधीच सांगतो. त्या प्रवचनात मुंबई आहे. १९५९ मध्ये किंग महिनाभर भारतात होते, मुंबईत गांधीजींच्या मणिभवनात राहिले होते. इथल्या फुटपाथवर रात्री झोपणारी लाखो माणसं त्यांच्या डोक्यातून गेली नाहीत. आठ वर्षांनी, अटलांटात, नाताळच्या प्रवचनात त्यांनी ती आठवली आणि आपल्याच देशाला सुनावलं : जास्तीचं धान्य साठवायला आपण रोज लाखो डॉलर घालवतो, ते फुकटात साठवायची जागा मला माहीत आहे, उपाशी लोकांची पोटं. त्याच काळात आपल्या रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो येत होता. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, चव अजून आठवेल त्यांना.

आणि आणखी एक. याच भारत दौऱ्यात त्रिवेंद्रमच्या दलित मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतला एक अस्पृश्य अशी करून दिली. किंग यांनी १९६५ च्या प्रवचनात स्वतः हे सांगितलंय. आधी राग आला, मग विचार केला आणि म्हणाले, होय, मी अस्पृश्यच आहे. आपल्या तालुक्यात जे नेते किंग यांचा फोटो छापतात, त्यांना त्यातली ही ओळख चालेल का? गावातल्या स्मशानाचा रस्ता एका वस्तीसाठी वेगळा का, हा प्रश्न त्या फोटोशेजारी छापायची हिंमत आहे का?

काही मित्र म्हणतात, नेत्याने निराश बोलू नये, लोकांचा धीर सुटतो. पण किंग यांनी त्या दिवशी शेवट आशेनेच केला. माझं स्वप्न अजून आहे, असंच म्हणाले. फक्त ते म्हणायच्या आधी चार दुःस्वप्नं मोजून दाखवली. लोकांचा धीर काही सुटला नाही. उलट डिसेंबरच्या सुरुवातीलाच त्यांनी जाहीर केलं होतं, की सगळ्या रंगांच्या गरिबांना घेऊन वॉशिंग्टनला जाणार. फेब्रुवारीत मेम्फिसचे सफाई कामगार संपावर गेले. कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन कामगार मेले होते. १३०० कामगार होते ते. किंग तिकडे धावले आणि तिथेच ४ एप्रिल १९६८ ला त्यांना गोळी घातली. रिव्हरसाइडच्या भाषणाला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं. घंटागाडीमागे पळणाऱ्या आपल्याकडच्या कंत्राटी माणसांना हातमोजे मिळतात का, हे कुठल्या कार्यअहवालात कुणी वाचलंय?

ज्यांना प्रवचन मुळातून वाचायचंय त्यांच्यासाठी : 'द ट्रम्पेट ऑफ कॉन्शन्स' या छोट्या पुस्तकातलं ते शेवटचं प्रकरण आहे.

आणि २६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा आहेत. तिथे तुम्ही मालक आहात, बाकावर नाही तर सतरंजीवर बसलेले असाल एवढंच. अहवाल बरोबर घेऊन जा. मंजूर किती, खर्च किती आणि यंदा काय जमलं नाही, हे तीन प्रश्न उभं राहून विचारा. उत्तर काय मिळालं ते मला कळवा, गावाच्या नावासकट इथे टाकतो.