आधी पिठलं, मग ग्रॅम

दुकानात येणारी मोटरसायकलवाली मुलं-मुली स्टोव्हबद्दल विचारतात तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो: सगळ्यात हलका कोणता? माझ्या मते हा प्रश्न पायी चालणाऱ्यांकडून उसना घेतलेला आहे. सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन डोंगर चढणाऱ्याला शंभर ग्रॅमचाही हिशोब ठेवावा लागतो. पण रॉयल एनफिल्डची हिमालयन सुमारे २०० किलोची. तिच्यावर माणूस, तंबू, पाणी आणि पाने चढले की स्टोव्ह ८० ग्रॅमचा आहे की ४०० ग्रॅमचा, याने काहीच बिघडत नाही. मोटरसायकलवाल्याने विचारायचं ते वेगळं: मी शिजवणार काय, जळण मिळणार कुठे, आणि गाडीच्या हादऱ्यांत ही वस्तू टिकणार का.

कराडला माझ्या वडिलांचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. आज मी तिथेच गॅसच्या शेगड्या दुरुस्त करते. पंपाचं चामडी वायसर तेलात भिजवून मऊ करायचं, निपलला पिन मारायची, ही कामं मी शाळेतून आल्यावर शिकले. दुरुस्तीला येणारा तो रॉकेलचा पितळी प्राइमस स्टोव्ह १८९२ मध्ये स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने घडवला. आमुंडसेनने १९११ मध्ये तो दक्षिण ध्रुवावर नेला, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही तो होता, आणि त्याच जातीच्या स्टोव्हवर आमच्याकडे रोजचा भात शिजत होता. त्यामुळे स्टोव्ह हे मला भटकंतीचं उपकरण वाटतच नाही. ते स्वयंपाकाचं साधन आहे, आणि त्याची परीक्षा स्वयंपाकानेच व्हायला हवी.

परदेशी परीक्षणांत एक लिटर पाणी किती मिनिटांत उकळतं, यावर गुण देतात. तिकडच्या भटक्यांना ते पुरतं, कारण वाळवलेल्या जेवणाच्या पाकिटात उकळतं पाणी ओतलं की त्यांचं ताट वाढून होतं. आपल्याला फोडणी द्यायची असते. मोहरी तडतडली की आच खाली आणायची, पिठलं रटरटू लागलं की आणखी बारीक करायची, भाताला शेवटची वाफ आणायची. जो स्टोव्ह फक्त भडकून जळतो आणि ज्याचा बर्नर रुपयाएवढा अरुंद आहे, त्यावर पिठलं मधोमध करपतं आणि कडेला कच्चं राहतं. म्हणून मी आधी बर्नरची रुंदी बघते आणि मग नॉब फिरवून ज्योत किती खाली येते ते. पाणी दोन मिनिटं उशिरा उकळलं तर चालतं.

दुसरी गोष्ट बैठकीची. गॅसच्या डब्याच्या डोक्यावर थेट बसणारा स्टोव्ह पिशवीत छान मावतो, पण त्यावर भाताचं पातेलं ठेवून डाव फिरवा म्हणजे कळेल. मोटरसायकलवाल्याने नळीचा, तीन पायांचा, जमिनीलगत बसणारा स्टोव्ह घ्यावा. डबा बाजूला राहतो, त्यामुळे बर्नरभोवती वाऱ्याला आडोसाही करता येतो. डोक्यावर बसणाऱ्या स्टोव्हला पत्र्याचा आडोसा गुंडाळला तर खालचा डबा तापून फुटू शकतो. आणि आडोसा म्हणून गाडी वापरू नये. टाकीत पेट्रोल असतं, आणि गाडी नुकतीच थांबलेली असेल तर सायलेन्सरही तापलेला असतो.

सह्याद्रीत आणि कोकणात फिरायचं तर गॅसचा डबा उत्तम. आडोशाला एक लिटर पाणी उकळायला साधारण १५ ग्रॅम गॅस लागतो; म्हणजे २३० ग्रॅमच्या डब्यात दोघांचा चहा आणि एक वेळचं जेवण चारेक दिवस निघतं. वाऱ्यात हाच हिशोब दुपटीवर जातो. मुक्काम हलवताना डबा काढून वेगळा ठेवावा, कारण खड्ड्यांत चुडी सैल होते. पुन्हा जोडल्यावर साबणाचा फेस लावून बघावा. खटका दाबून पेटणारा स्टोव्ह असला तरी काडेपेटी हवीच. हादऱ्यांत आधी तो खटकाच जातो.

लडाख-स्पीतीचं गणित निराळं. साधा ब्युटेन शून्याच्या अर्धा अंश खालीच वायू व्हायचा थांबतो. सरचूला पहाटे डबा हलवला तर आत गॅस खळखळतो आणि बर्नर मात्र पेटत नाही. तिकडे जाताना डब्यावर आयसोब्युटेन आणि प्रोपेन लिहिलेलं आहे का ते वाचावं. आयसोब्युटेन उणे १२ पर्यंत साथ देतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं, तेव्हा तिथे डाळीला लहान कुकर लागतो. पोहे, सातूचं पीठ, मेतकूट यांना तो लागत नाही.

पेट्रोलवर चालणारे स्टोव्हही मिळतात. गाडीचंच जळण वापरायची कल्पना मला आवडते, पण जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला कॉक असायचा, नळी काढली की बाटली भरायची. आताच्या इंजेक्शनच्या गाडीतून पेट्रोल काढणं रस्त्यावरचं काम नाही. पंपावर धातूच्या बाटलीत घ्यावं लागतं, तेही पंपवाला देईल तर. शिवाय जेटला काजळी धरते. ज्याला पिन मारून जेट साफ करायचा कंटाळा नाही त्यानेच हा स्टोव्ह घ्यावा. मात्र आजोबांच्या रॉकेलच्या पितळी स्टोव्हमध्ये पेट्रोल घालायचा विचारही कुणी करू नये. त्याची टाकी बर्नरच्या खालीच असते आणि तापते. रॉकेल ते सोसतं, पेट्रोल नाही.

गाडी रेल्वेने चंदीगडला पाठवून पुढे निघणारे पुष्कळ आहेत. सामानात गॅसचा डबा न्यायचा नाही, रिकामा म्हणून अर्धा भरलेलाही नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईत उभ्या असलेल्या, यात्रेकरूंच्या रेल्वेडब्यात चोरून आणलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ माणसं गेली. विमानातही गॅस चालत नाही. मनालीत किंवा लेहला पोचल्यावर डबा विकत घ्यावा.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो घरच्या सिलिंडरमधून हे छोटे डबे भरून देणाऱ्यांचा. त्यासाठीची जोडणी उघड विकली जाते, आणि माझ्याकडेही लोक ती मागायला येतात. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन असतो, त्याचा दाब जास्त. ब्युटेनचा पातळ पत्र्याचा, एकदाच वापरायचा डबा त्या दाबासाठी केलेला नाही. किती भरला हे कळायला नीट साधन नसतं, आणि मग तो डबा बॅगेत, मे महिन्याच्या उन्हात, सायलेन्सरच्या शेजारी प्रवास करतो. नव्या डब्याचे काहीशे रुपये वाचवायला हे करू नये. या जोडणीच्या विक्रीवर बंदी यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

तंबूचं दार लावून आत स्टोव्ह पेटवणंही तितकंच वाईट. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतल्या माणसाला तो जागं करत नाही.

कुणी म्हणेल, एवढी यातायात कशाला, तीन दगड मांडले की झाली चूल. फेब्रुवारीनंतर आपल्या डोंगरांवरचं गवत किती वाळलेलं असतं, ते ज्यांनी वणवा विझवायला फांद्या घेऊन धाव घेतली आहे त्यांना विचारा. राखीव जंगलात आग पेटवणं हा गुन्हाच आहे. संरक्षित किल्ल्यांवर तर परवानगीची जागा सोडून गॅसवरही स्वयंपाक करता येत नाही, हे स्टोव्हवाल्यांनीही पाळायचं. आपले अकरा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांच्या भिंतींवर आणखी काजळी नको. आणि जिथे टपरी उघडी आहे तिथे चहा टपरीवरच घ्यावा. त्या माणसाचं घर त्यावर चालतं.

स्टोव्ह घेतला की सहलीआधी घरी गॅलरीत, पंखा लावून, त्यावर दोघांपुरतं पिठलं आणि भात करून बघा. पातेलं डुगडुगलं किंवा पिठलं मधे लागलं, तर पावती घेऊन दुकानात परत जा आणि रुंद बर्नरचा मागा.