आमच्या खडकीचे रॉक

आमच्या चिरंजीवांना गेल्या वर्षी गिटार लागली. ‘लागली’ हे क्रियापद मी मराठीची प्राध्यापिका या नात्याने विचारपूर्वक वापरते आहे. ठसका लागतो, उचकी लागते, तशी ती लागली. एरवी या सदरात मला दीड पान मिळते, तेवढ्यात गिटार मावत नाही. दिवाळी अंकात संपादक जरा ऐसपैस बसू देतात, म्हणून आज हा विषय काढते. पण खरे सांगायचे तर गिटार हे निमित्त. मला सांगायचे आहे ते आमच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओविषयी.

एका रात्री जेवताना चिरंजीव म्हणाले, “आई, अमेरिकेत गावागावात स्वतःचं रॉक स्टेशन असतं. सकाळचा निवेदक म्हणजे त्या गावाचा घरचाच माणूस. बर्फ पडलं की कुठल्या शाळा बंद ते सांगतो, कुणाचं कुत्रं हरवलं ते सांगतो, रक्तदानाला बोलावतो, आणि मधूनमधून गाणी लावतो. आपल्याकडे असलं काही नाही.”

‘आपल्याकडे असलं काही नाही’ हे सोळाव्या वर्षीचे ब्रह्मवाक्य असते, त्याला कोणी हरकत घेऊ नये. त्याने मला क्लीव्हलंडच्या ॲलन फ्रीडची गोष्टही सांगितली. १९५१ साली हा गृहस्थ तिथल्या केंद्रावरून हे संगीत वाजवू लागला, आणि १९५२ च्या मार्चमध्ये त्याने श्रोत्यांसाठी जलसा ठरवला, तेव्हा सभागृहात मावतील त्याहून कितीतरी अधिक लोक लोटले. जलसा बंद करावा लागला. केवळ आवाजाच्या ओळखीवर एवढी माणसे घराबाहेर पडली!

सासूबाई आमटी वाढत होत्या. त्यांनी विचारले, “रॉक म्हणजे काय रे?”

“दगड, आजी.”

“अगंबाई! मग दगडाचं आपल्याला काय कौतुक?”

यावर मला बोलता येईना. खरोखरच नाही. हे शहर मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसवले तेव्हा त्याचे नाव खडकी. आमच्या पडेगावच्या रस्त्याने तसेच पुढे गेले की दौलताबादचा कातळ, त्यापुढे खुलताबाद आणि मग वेरूळ, जिथे अख्खे देऊळ एका दगडातून वरून खाली कोरत आणले आहे. दगडाच्या बाबतीत कोणी आम्हाला काही शिकवावे, असे उरलेले नाही.

रेडिओही इथे नवा नाही. निजामाच्या अमदानीतले औरंगाबादचे केंद्र १९५० साली सरकारजमा झाले. आजही आकाशवाणीच्या इथल्या केंद्रावरून मराठीबरोबर उर्दूतही बातमीपत्र लागते, आणि आमच्या आळीत दोन्ही ऐकणारी घरे एका भिंतीला भिंत लावून आहेत. पण सासूबाईंचा जीव जडला होता तो निराळ्याच, अगदी लहानशा केंद्रावर. त्याचे नाव मी देत नाही. तिथल्या पोरी माझ्यावर आधीच रुसलेल्या आहेत.

अशा केंद्रांना सामुदायिक रेडिओ म्हणतात. त्यांचा जन्म, कोणाला खरे वाटणार नाही, पण क्रिकेटच्या भांडणातून झाला. १९९३ साली हीरो चषकाचे सामने दाखवायचे कोणी, यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात जुंपली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकाल दिला की आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे माझी, तुमची आणि सासूबाईंचीसुद्धा. पुढे महाविद्यालयांना परवाने मिळू लागले, २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले, आणि २००६ अखेर संस्थांनाही दार उघडले. साताऱ्याकडे म्हसवडला माणदेशी बायकांचे ‘तरंग’ केंद्र २००८ पासून बोलते आहे. तिथला दुष्काळ, छावणीतली जनावरे, बचत आणि बाजार हे सगळे त्यांच्याच तोंडून.

या केंद्रांचे नियम ऐकले की हसू येते. ताकद शंभर वॉट. म्हणजे एका जुन्या दिव्याएवढी. आवाज पोहोचणार दहा-बारा किलोमीटर. स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत. निम्मे कार्यक्रम तरी तिथल्याच माणसांनी तिथेच केलेले हवेत. आता इतक्या अटींत कोणी काय बोलावे? मला वाटायचे, काहीच नाही. उगाच पोरांचा पोरखेळ. आमचे पडेगाव तर त्या दहा-बारा किलोमीटरच्या अगदी काठावर. स्वयंपाकघराच्या खिडकीत, गजाला तार गुंडाळून, पिठाच्या डब्यावर संच ठेवला तरच आवाज लागे. डबा हलला की कार्यक्रम गेला. त्यामुळे साडेसात ते साडेआठ आमच्याकडे पोळ्या होत नसत. पीठच काढता येत नसे! उपमा व्हायचा.

तो आवाज होता माझ्याच एका विद्यार्थिनीचा. शेवटच्या बाकावरची मुलगी, लोकसाहित्याच्या पेपरात मीच तिला शंभरात अडतीस गुण दिले होते. ती सकाळी म्हणायची, “नमस्कार छावणी, नमस्कार भावसिंगपुरा, नमस्कार मिटमिटा, आणि त्या टोकाला पडेगाव, ऐकू येतंय ना?” सासूबाई कणीक न मळता रिकाम्या हातांनी उत्तर द्यायच्या, “येतंय गं बाई.” कुठल्या वसाहतीत आज पाणी सुटणार (आमच्या शहरात नळाला पाणी ही रोजची गोष्ट नव्हे, वाचकांनी हे ध्यानात घ्यावे), कोणाची शेळी चुकली, कोणाच्या घरी बारशाला पाळणा हवा आहे. मधे एखादे गाणे. एके दिवशी तर चिरंजीवांची गिटारही वाजली, म्हणजे ‘आपल्याकडे असलं काही नाही’ हे वाक्य परस्परच निकालात निघाले.

गेल्या मार्गशीर्षात सासूबाई अंगणात घसरल्या. खुब्याचे हाड. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, आणि देऊळ, भाजी, शेजार हे सारे एका दिवसात तुटले. मी सकाळी बाहेर पडे ती दुपारी येई. ‘हे’ संध्याकाळी. घरात उरला तो डब्यावरचा रेडिओ.

फेब्रुवारीतली सकाळ. पहिलाच तास माझा, विषय जात्यावरच्या ओव्या. रिक्षात बसून मी टिपणे चाळत होते. वीस वर्षे तीच टिपणे. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’, त्यातले वर्गीकरण, माहेर, भाऊ, देव. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे वाक्य लाल शाईने अधोरेखित. छावणीच्या वळणावर रिक्षावाल्या चाचांनी रेडिओ मोठा केला. म्हणाले, “मॅडम, सुनो. ये आजी अपने पडेगावकीच है. क्या गाती है!”

आवाज म्हातारा होता, दम लागत होता, सूर मात्र जागच्या जागी. मी दोन ओव्या ऐकल्या तेव्हा मला तो आवाज ओळखीचा वाटला. तिसऱ्या ओवीत कळले, या आमच्या सासूबाई!

ओवीत बाई आपली माणसे नावानिशी घालते, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. भावाचे नाव, लेकाचे नाव. सासूबाईंनी आमच्या ‘ह्यांचे’ नाव घातले. मग त्यांनी एका मुलीचे नाव घातले. आमच्या घराण्यात त्या नावाचे कोणी नाही. ओवी पाळण्याची होती आणि शेवटी पाळणा रिकामा होता. निवेदिका गप्प राहिली. मग हळूच विचारले, “आजी, ही कोण?” रेडिओतून सासूबाईंचा आवाज आला, “माझी थोरली. तीन वर्षांची होऊन गेली. तिच्या वेळी पहाटे दळताना म्हणायचे मी. आता जातंही नाही आणि म्हणायला कुणी विचारतही नाही.”

मला या घरात येऊन बावीस वर्षे झाली. मी ‘ह्यांना’ त्या रात्री विचारले. त्यांना आपल्याला एक बहीण होती एवढे माहीत होते. नाव माहीत नव्हते. ते नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांनी त्या सकाळी ऐकले त्यांनी ऐकले.

त्या दिवशी तासावर मी पंधरा मिनिटे उशिरा पोहोचले, आणि टिपणे उघडली नाहीत.

पुढे आठवडाभर फोनांची रीघ लागली. मिटमिट्याच्या एका आजींना सासूबाईंच्या ओवीचा पुढचा चरण येत होता, तो त्यांनी केंद्रावर म्हणून दाखवला. भावसिंगपुऱ्यातल्या बाईंनी सांगितले, आमच्याकडे हीच ओवी निराळ्या नावाने म्हणतात. आणि आमच्या भिंतीपलीकडच्या चाची, ज्यांच्याशी आमचा संबंध ईदच्या शिरखुर्म्यापुरता आणि दिवाळीच्या फराळापुरता, त्या वॉकरशेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी चक्कीनामा म्हटला. दख्खनीत हा प्रकार फार जुना आहे. विजापूरकडच्या सूफींच्या परंपरेत देवाचे नाव जात्याच्या फेऱ्याशी बांधून बायकांच्या ओठी दिले गेले, हे मी वाचले होते. भिंतीपलीकडे आहे, हे वाचले नव्हते. शेवटी पाणचक्कीचे शहर हे! डोंगरातून नळाने आणलेल्या पाण्यावर जिथे फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी पीठ दळले जायचे, तिथे दळणाची गाणी उगवली नसती तरच नवल.

चिरंजीव ऐकत होते. म्हणाले, “आई, म्हणजे बघ, एक दगड बसलेला आणि एक दगड फिरणारा. रॉक अँड रोल.”

“वात्रटपणा पुरे,” मी म्हटले. पण त्याने चाचींच्या फेऱ्यावर गिटारचा ताल धरला तेव्हा मी थांबवले नाही.

इथवर सगळे गोड. पण एप्रिल आला, परीक्षा आल्या, आणि केंद्रावरच्या पोरी अभ्यासाला बसल्या. बसायलाच हव्यात, न बसल्या तर मीच अडतीस गुण देणार. सकाळी साडेसातला ध्वनिमुद्रित गाणी लागू लागली. गाणी चांगली होती. पण ‘पडेगाव, ऐकू येतंय ना?’ हे कोणी विचारीना. सासूबाई पहिले तीन दिवस डब्यासमोर बसल्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, “पीठ काढून घे गं. पोळ्या कर.”

मला त्या पोळ्या गेल्या नाहीत.

अशी केंद्रे पगारावर चालत नाहीत, ती कोणाच्या तरी सकाळवर चालतात. मोठ्या व्यापारी वाहिन्यांकडे पैसा आहे, पण एकाच ठिकाणी केलेला कार्यक्रम चार शहरांत वाजवणे त्यांना स्वस्त पडते, आणि त्यात मिटमिटा कुठे येणार? मोबाइलमधला रेडिओही हळूहळू नाहीसा होऊ लागला, म्हणून २०२३ साली केंद्र सरकारने कंपन्यांना तो चालू ठेवण्याची सूचना केली. हे सारे मला आता कळते आहे, पोळ्या लाटताना.

मी केंद्रावर गेले. विद्यार्थिनीला म्हटले, “परीक्षा संपेपर्यंत मंगळवार आणि शुक्रवार मी करते.” ती अशी बघू लागली, जणू मी तिच्या बाकावर बसायला निघाले आहे. मग तिने मला यंत्र कसे चालवायचे ते शिकवले. तिन्ही वेळा माझे चुकले. तिने अडतीस गुण द्यायला हरकत नव्हती, ती म्हणाली, “जमेल मॅडम.”

शुक्रवारी साडेसातला लाल दिवा लागला. समोर भिंत, कानावर जाड टोप्या, आणि वर्गात पाऊण तास न थांबणारी माझी जीभ टाळूला चिकटलेली. मी म्हटले, “श्रोतेहो, आजच्या या मंगल प्रभाती आपणा सर्वांचे सहर्ष स्वागत.” पुढे ओवी या छंदाच्या रचनेविषयी चार मिनिटे बोलले. पहिला फोन आला तो पडेगावहून.

“ऐकू येतंय गं,” सासूबाई म्हणाल्या, साऱ्या शहरासमोर. “पण फार पुस्तकी बोलतेस. आधी पाण्याचं सांग.”