दोन विजेते, एक ट्रॉफी : चूक नेमकी कोणाची?



परवाच्या व्हिडिओत इन्सेंटिव्हचा विषय निघाला तेव्हा मी अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं उदाहरण अर्ध्यावर सोडलं होतं. वेळ संपला होता, दुसरं काही नाही. ते आज पूर्ण करतो.

आधी खेळ समजून घ्या. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन प्रकार. विद्यापीठांचे शंभरावर संघ, आणि प्रत्येकाच्या वाट्याला हंगामात जेमतेम डझनभर सामने. सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत. मग देशात पहिला कोण, हे ठरवायचं कसं? त्यासाठी १९९८ पासून बीसीएस नावाची पद्धत होती. पत्रकारांची आणि प्रशिक्षकांची मतं, संगणकांची क्रमवारी, प्रतिस्पर्धी किती तगडे होते, किती सामने हरलात, हे सगळं एकत्र करून पहिले दोन संघ निवडायचे आणि त्यांचा अंतिम सामना लावायचा.

२००३ च्या हंगामात तीन संघ प्रत्येकी एकच सामना हरलेले. यूएससी, एलएसयू आणि ओक्लाहोमा. ओक्लाहोमा तर ६ डिसेंबरला आपल्याच गटाच्या अंतिम सामन्यात कॅन्सस स्टेटकडून ३५-७ असा सपाटून हरला. पण गणित असं होतं की तरीही तो पहिलाच राहिला! एलएसयू दुसरा. आणि यूएससी, ज्याला पत्रकार आणि प्रशिक्षक दोघांनीही पहिलं मत दिलं होतं, तो तिसरा. फरक फक्त ०.१६ गुणांचा.

पुढे एलएसयूने ओक्लाहोमाला २१-१४ हरवलं. यूएससीने रोझ बोलमध्ये मिशिगनला २८-१४ हरवलं. प्रशिक्षकांचा पहिला क्रमांक अंतिम सामना जिंकणाऱ्यालाच द्यायचा, असं आधीच ठरलेलं होतं, म्हणून तो एलएसयूला गेला. तरी तीन प्रशिक्षकांनी ते मोडून यूएससीला मत दिलं. पत्रकारांवर असं बंधन नव्हतं. त्यांच्या ६५ मतांपैकी ४८ यूएससीला पडली. झालं, एका वर्षाचे दोन विजेते. वीस वर्षं उलटली तरी दोन्हीकडचे लोक अजून भांडतात.

माझं मत विचाराल तर ट्रॉफी एलएसयूचीच. का ते सांगतो.

नियम हंगामाआधी ठरलेले होते. यूएससीचा गटही त्या पद्धतीत सामील होता. एलएसयूने समोरचा संघ निवडला नव्हता. जो दिला त्याला हरवलं. शिवाय त्याने आपल्या गटाचा अंतिम सामना जॉर्जियाविरुद्ध ३४-१३ असा जिंकला होता. यूएससीच्या गटात तेव्हा असा सामनाच नव्हता, म्हणजे ती एक परीक्षा त्यांना द्यावीच लागली नाही.

यूएससीवाले म्हणतात, आम्ही कॅलिफोर्नियाकडून हरलो ते तीन जादा डावांनंतर, ३४-३१ ने. एलएसयू तर घरच्या मैदानावर फ्लोरिडाकडून १९-७ हरलं. मुद्दा खरा आहे. अन्याय त्यांच्यावर झाला, हेही मला मान्य. पण तो एलएसयूने केला नाही. ज्या नियमाला सप्टेंबरमधली हार आणि डिसेंबरमधली हार सारखीच वाटते, त्या नियमाने केला. जागा चुकीची मिळाली असेल तर ती ओक्लाहोमाला.

आता हे मी इतक्या पोटतिडकीने का लिहितोय? कारण मी स्वतः ही माती खाल्ली आहे.

माझं हार्डवेअरचं दुकान होतं तेव्हा दोन सेल्समन होते. एप्रिलमध्ये मी जाहीर केलं, ज्याची विक्री जास्त त्याला दिवाळीत मोठा बोनस. एकाने दणकून माल विकला, पण निम्मा उधारीवर. दुसऱ्याची विक्री थोडी कमी, पण वसुली चोख. दिवाळी आली, मला दुसराच लायक वाटला. मग काय केलं? बोनस अर्धा-अर्धा वाटला! मला वाटलं, दोघं खूश होतील. पहिला म्हणाला, "शेठ, वसुलीचं तुम्ही एप्रिलमध्ये बोलला नव्हता." दुसरा काहीच बोलला नाही, आणि जानेवारीत सोडून गेला. दोघांचंही बरोबर होतं. चूक माझ्या नियमाची होती आणि किंमत त्यांनी मोजली.

बीसीएसवाल्यांनी एक गोष्ट बरी केली. त्यांनी झालेला निकाल फिरवला नाही, पुढच्या वर्षीसाठी सूत्र बदललं, माणसांच्या मतांना दोन तृतीयांश वजन दिलं. पण २००४ मध्ये ऑबर्न एकही सामना न हरता बाहेर राहिलं! कारण खरं दुखणं सूत्रात नव्हतंच. दोनच जागा होत्या. २०१४ च्या हंगामापासून चार संघ आले, २०२४ पासून बारा. वाद आजही होतात, पण आता ते शेवटच्या जागेवरून होतात, ट्रॉफीवरून नाही.

तेव्हा मंडळी, या वर्षीचं टार्गेट अजून तोंडीच असेल तर आज रात्री दुकान बंद करायच्या आधी एक कागद घ्या. काय मोजणार, कधीपर्यंत मोजणार, बरोबरी झाली तर काय, आणि उधारीचं काय, हे चार ओळींत लिहा. माणसांना वाचून दाखवा, सह्या घ्या. नियम मध्येच चुकीचा वाटला तर वहीत टिपून ठेवा, पुढच्या वर्षी बदला. या वर्षीचा बोनस मात्र कागदावर आहे त्यालाच द्या, मग तो तुमचा लाडका असो वा नसो.

आणि ज्याच्यावर त्या नियमाने अन्याय झाला असेल, त्याला केबिनमध्ये बोलावून तसं स्पष्ट सांगा. मी तेवढंच केलं नाही. केलं असतं तर तो माणूस कदाचित आजही माझ्याकडे असता.